दाबले म्हणजे झाले, असे नव्हे

सदर : काळाची पेढी



गेल्या दिवाळीत चार दिवस किन्हीराजा येथे थोरल्या बंधूंकडे मुक्काम घडला. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात हे गाव आहे. सोयाबीन विकून घरात पैसा येण्याचे ते दिवस. त्यामुळे पावसाळाभर उधारीवर माल नेणारी माणसे त्या सुमारास आपणहून दुकानाची पायरी चढतात. दादांचे दुकान किराण्याचे आहे. गल्ल्यामागच्या फळीवर लाल कापडी बांधणीच्या वह्या आणि गल्ल्यापुढे क्यूआर कोडची उभी पाटी, अशी दोन पिढ्यांची साधने तेथे शेजारी शेजारी नांदतात.

एका संध्याकाळी ओळखीचे एक गृहस्थ मागील बाकी चुकती करावयास आले. रक्कम १,८४० रुपये. त्यांनी मोबाइल काढला, आकडा घातला, गुप्त क्रमांक दिला आणि बटण दाबले. पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागले. ते थांबेना. दुकानात गर्दी, मागे चार माणसे उभी, नेटवर्क येऊन-जाऊन. त्यांनी ॲप बंद केले, पुन्हा उघडले आणि तीच रक्कम पुन्हा पाठविली. या वेळी हिरवी खूण उमटली, दुकानातील बोलक्या डब्याने १,८४० रुपये मिळाल्याचे सांगितले, दादांनी वहीत जमा लिहिले आणि ते गृहस्थ निघून गेले. दहा मिनिटांनी डबा पुन्हा बोलला : १,८४० रुपये प्राप्त. त्या वेळी गल्ल्यासमोर कोणीच उभे नव्हते.

दादांनी फोन करून त्या गृहस्थांना बोलावून घेतले आणि जादा आलेली रक्कम त्यांच्या हाती ठेवली. ते ओळखीचे होते म्हणून हे जमले. रस्त्याने जाता जाता थांबलेला परगावचा वाटसरू असता तर त्याला कोठे शोधावे? आणि दुकानदार दादांसारखा नसता तर?

रात्री दुकान वाढविल्यावर हाच विषय निघाला. माझा पुतण्या अमरावतीस अभियांत्रिकी शिकतो आणि सुटीत दुकानासाठी उधारीचे एक लहानसे ॲप स्वतः तयार करीत होता. तो म्हणाला, “काका, त्यांची काहीच चूक नव्हती. बटण दाबल्यावर नेमके काय झाले, हे पडद्याने त्यांना सांगितलेच नाही.”

त्याच्या या एका वाक्याने पुढचे तीन दिवस मी त्याच्या शेजारी बसून हा विषय समजून घेतला. आपल्या घराघरांतील मुले आज संगणकशास्त्र शिकत आहेत, आणि आपल्या प्रत्येक दुकानात दिवसातून शंभर वेळा कोणी ना कोणी मोबाइलवरील बटण दाबीत आहे. बटण दाबणे आणि काम होणे यांच्या मधली जागा दोघांनाही ठाऊक असावी, एवढ्यासाठी या वेळचे हे सदर.

पाटी आणि वही

पुतण्याचे ॲप दिसावयास अगदी साधे होते. वर गिऱ्हाइकाचे नाव, त्याखाली रक्कम लिहिण्याचा एक चौकोन, मग ‘जमा’ आणि ‘नावे’ अशी दोन बटणे, आणि सर्वांत खाली मोठ्या अक्षरांत ‘येणे बाकी’. रक्कम लिहावी, बटण दाबावे, की खालचा आकडा बदलावा. इतकेच काम.

हे घडते कसे? अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरील प्रत्येक वस्तूला, म्हणजे बटणाला, चौकोनाला, आकडा दाखविणाऱ्या पट्टीला, एक ओळख दिलेली असते. खतावणीत प्रत्येक खात्याला पान क्रमांक असतो, तशीच ही ओळख. प्रोग्रॅम लिहिणारा त्या ओळखीवरून बटण शोधतो आणि त्यावर एक पहारेकरी बसवितो. प्रोग्रॅमच्या भाषेत त्याला ‘क्लिक लिसनर’, म्हणजे क्लिककडे कान लावून बसलेला, असे नाव आहे. हा पहारेकरी एरवी काहीच करीत नाही. बटण दाबले गेले की मात्र त्याला नेमून दिलेली कामे तो क्रमाने उरकतो : चौकोनातील रक्कम वाचतो, जुन्या बाकीत मिळवितो किंवा तीतून वजा करतो, आणि आलेले उत्तर खालच्या पट्टीवर लिहून मोकळा होतो. आयफोनमध्ये शब्द निराळे आहेत, पण रचना हीच.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. आपण बोट टेकविले की बटण दाबले गेले, असे आपणांस वाटते. वस्तुतः बहुतेक ॲपमध्ये बोट उचलले जाते तेव्हा ते दाबले गेल्याचे धरतात. त्यामुळे चुकून बटणावर बोट पडलेच, तर न उचलता ते तसेच बाजूला सरकवावे आणि मग उचलावे. ती कृती रद्द होते. घरातील वडीलधाऱ्यांना एवढे जरी सांगितले, तरी अनेक चुका टळतील.

पुतण्याने पहिल्या दिवशी हे सारे लिहून काढले. दादांनी फोन हाती घेतला आणि रक्कम न लिहिताच ‘जमा’ दाबले. ॲप तत्क्षणी बंद पडले. रिकाम्या चौकोनातून संख्या काढावयाची कशी, हे प्रोग्रॅमला सांगितलेले नव्हते, म्हणून त्याने हात वर केले. नवशिक्यांची ही पहिली चूक. गिऱ्हाईक नेहमी शहाण्यासारखेच बटण दाबील, असे धरून चालता येत नाही. बटणाचे पहिले काम हिशेब करण्याचे नसून समोर आलेले पारखण्याचे असते : चौकोन रिकामा आहे का, रक्कम शून्य आहे का, एखादे शून्य जास्त पडले आहे का.

दुसरी चूक फार मौजेची होती. उत्तर १,८४० आले, पण ते पट्टीवर लिहावयास सांगताच ॲप पुन्हा कोसळले. कारण असे की, अँड्रॉइडमध्ये पट्टीवर लिहिण्याची आज्ञा दोन प्रकारे देता येते. शब्द दिला, तर ती तो शब्द लिहिते. निव्वळ पूर्णांक संख्या दिली, तर ती त्या संख्येला पान क्रमांक समजते आणि ॲपच्या साठ्यात त्या क्रमांकाचा मजकूर शोधू लागते. असा मजकूर नसतोच. मुनिमाला “अठराशे चाळीस लिही” म्हणावे आणि त्याने अठराशे चाळिसावे पान शोधीत बसावे, तसा हा प्रकार. संख्येचे आधी अक्षरांत रूपांतर केले की दोष जातो.

या दोन्ही चुका निदान उघड तरी होत्या. तिसरी चूक लपलेली होती, आणि तीच सर्वांत मोलाची ठरली.

वहिनींनी सहज फोन आडवा करून पाहिला. पडदा फिरला आणि येणे बाकी एकदम शून्य झाली. दिवसभराचा हिशेब डोळ्यांदेखत नाहीसा! फोन आडवा केला, की अँड्रॉइड सामान्यतः तो संपूर्ण पडदा मोडून नव्याने उभा करते, कारण आडव्या पडद्याची मांडणी वेगळी असू शकते. पुतण्याने बाकीचा आकडा त्या पडद्यातच सांभाळला होता. पडद्याबरोबर आकडाही गेला. फोनमधील स्मृती अपुरी पडली, तर मागे पडलेले ॲप यंत्रणा स्वतःच बंद करते, तेव्हाही हेच घडते.

दादा हसून म्हणाले, “अरे, पाटीवर कोणी खाते ठेवते का?”

त्यांनी सहज उच्चारलेले हे वाक्य या शास्त्राचे मूळ सूत्रच होय. दुकानाबाहेरच्या पाटीवर आपण भाव लिहितो. पाटी लोकांना दाखविण्यासाठी असते, पुसली जाण्यासाठी असते. हिशेब वहीत राहतो. मोबाइलचा पडदा ही पाटी आहे, आणि फोनच्या किंवा दूरच्या संगणकाच्या साठ्यातील नोंद ही वही. बटणाने आधी वहीत लिहावे आणि वहीत जे लिहिले गेले तेच पाटीवर उतरवावे. पडद्यावरचा आकडा वाचून त्यावर पुढचा हिशेब करणारे ॲप आज ना उद्या फसते. गूगलने २०२१ साली आणलेल्या ‘जेटपॅक कंपोज’ आणि ॲपलने २०१९ साली आणलेल्या ‘स्विफ्टयूआय’ या नव्या पद्धतींत तर हाच नियम पायाभूत मानला आहे. तेथे प्रोग्रॅमर पट्टीवर हाताने काही लिहीत नाही. वहीतील आकडा बदलला की पाटी आपोआप त्याप्रमाणे नव्याने मांडली जाते.

गादीवर एकच माणूस

पुढचा प्रश्न फिरत्या वर्तुळाचा. त्या गृहस्थांना ते वर्तुळ इतका वेळ का पाहावे लागले?

पडद्यावर काही लिहिणे आणि बोटाचा स्पर्श ओळखणे ही दोन्ही कामे ॲपमध्ये एकाच धाग्यावर चालतात. त्याला मुख्य धागा म्हणतात. गादीवर एकच माणूस बसलेला आहे, अशी कल्पना करावी. तोच गिऱ्हाइकाशी बोलतो आणि पाटीवरही तोच लिहितो. त्यालाच जर आपण “बँकेत जाऊन चौकशी करून ये” म्हणून पाठविले, तर तो परत येईपर्यंत दुकान ठप्प होईल. बोटाच्या स्पर्शाला पाच सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना अँड्रॉइड दाखविते. म्हणून नेटवर्कचे काम मुख्य धाग्यावर करूच नये, असा नियम आहे. कोणी तसा प्रयत्न केल्यास अँड्रॉइड तो हाणून पाडते.

उपाय आपल्या पेढ्यांवर पूर्वापार आहे तोच. गादीवरचा माणूस गादी सोडत नाही. बँकेच्या कामाला दुसरा जातो. मात्र त्या दुसऱ्याने परत येऊन थेट पाटीवर लिहावयाचे नाही. दोघे एकाच वेळी पाटीवर लिहू लागले, तर अक्षरात अक्षर मिसळेल. त्याने चिठ्ठी आणून गादीवरच्या हाती द्यावी आणि पाटीवर त्यानेच लिहावे. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या धाग्याने पडद्याला हात लावला, तर ॲप बंद पडण्यापर्यंत वेळ येते.

पण तो दुसरा माणूस बँकेतून परत येईपर्यंत गिऱ्हाइकाला काय सांगावयाचे? त्या संध्याकाळचा सारा घोळ येथेच झाला होता.

माणसाच्या मनाचा हिशेब या क्षेत्रातील जाणकारांनी फार पूर्वी मांडून ठेवला आहे. जेकब नील्सन यांनी १९९३ साली तो तीन आकड्यांत सांगितला. एक दशांश सेकंदात उत्तर आले, तर काम आपल्या बोटानेच झाले असे वाटते. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. म्हणजे प्रत्यक्ष कामाला वेळ लागणार असला, तरी बटणाने एक दशांश सेकंदाच्या आत “ऐकले” एवढे तरी म्हटले पाहिजे. बटणाचा रंग फिका व्हावा, त्यावरील ‘जमा करा’ हे शब्द बदलून ‘लिहीत आहे’ असे व्हावेत, आणि उत्तर येईपर्यंत ते बटण पुन्हा दाबता येऊ नये. एवढे केले, तरी उतावीळ बोटाने दोनदा दाबण्याच्या बहुतेक चुका थांबतात.

बहुतेक, सर्व नव्हेत. आमच्या गृहस्थांनी बटण दोनदा दाबले नव्हते. त्यांनी ॲपच बंद करून पुन्हा उघडले होते. फिके केलेले बटण त्यांना अडवू शकले नसते. त्यासाठी आणखी एक तजवीज लागते, आणि ती आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती.

हुंडी, पेठ आणि परपेठ

हुंडीचा व्यवहार ज्या घरांत झाला आहे, तेथील वृद्धांना विचारून पाहावे. हुंडी वाटेत गहाळ झाली, तर लिहून देणारा पेढीवाला तिची दुसरी प्रत देत असे. तिला पेठ म्हणत. पेठही हरवली, तर परपेठ. मात्र पेठ ही नवी हुंडी नव्हे. अमुक मितीची, अमुक रकमेची पूर्वी लिहिलेली जी हुंडी, तिचीच ही प्रत आहे, असा उल्लेख तीत केलेला असे. त्यामुळे मूळ हुंडी आणि पेठ दोन्ही पुढे पोचल्या, तरी पैसे एकदाच दिले जात. आणि एकदा पटलेली हुंडी खोका म्हणून बाजूला ठेवली जाई, म्हणजे ती पुन्हा कोणी पुढे करू नये.

उत्तम ॲप नेमके हेच करते. रक्कम भरण्याचा पडदा उघडताच त्या एका व्यवहाराला एक क्रमांक दिला जातो. बटण एकदा दाबा, पाच वेळा दाबा, नेटवर्क तुटून ॲपने स्वतःच पुन्हा पाठवू द्या. प्रत्येक वेळी तोच क्रमांक जातो. पलीकडचा संगणक पाहतो की या क्रमांकाची नोंद आपल्याकडे आधीच आहे, आणि दुसरी नोंद न करता पहिल्याच नोंदीचे उत्तर परत पाठवितो. ॲप बंद होऊन पुन्हा उघडले, तर त्याने आधी विचारावे : “दहा मिनिटांपूर्वीच्या १,८४० रुपयांचे काय झाले, ते अजून कळलेले नाही. तोच व्यवहार तपासू, की नवा करू?” त्या संध्याकाळी हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर दुसरी रक्कम निघालीच नसती.

पुतण्याने हा भाग लिहिला, तेव्हा दादांना तो उलगडून सांगावा लागला नाही. “म्हणजे पेठ,” एवढेच ते म्हणाले.

चौथे उत्तर

बटण दाबल्यानंतर तीनच उत्तरे संभवतात, असे आपण धरतो : काम चालू आहे, काम झाले, काम झाले नाही. चौथे उत्तर आपण विसरतो : काम झाले की नाही, हे अजून कळले नाही. नेटवर्क तुटते, तेव्हा निरोप जाताना तुटला की उत्तर येताना तुटले, हे फोनला समजण्याचा मार्ग नसतो. जाताना तुटला असेल, तर काम झालेलेच नाही. येताना तुटले असेल, तर काम झालेले आहे, फक्त बातमी आलेली नाही. अशा वेळी ‘अयशस्वी’ असे लाल अक्षरांत लिहिणारे ॲप खोटे बोलते आणि हिरवी खूण दाखविणारेही खोटेच बोलते. ‘प्रलंबित’ हा शब्द गिऱ्हाइकाला त्रासदायक वाटतो, पण पुष्कळदा तोच खरा असतो.

कोणत्या कामात थोडी घाई चालते आणि कोणत्या कामात मुळीच चालत नाही, हा विवेकही बटण बसविणाऱ्याने ठेवावा. एखाद्या छायाचित्राला आवडल्याची खूण करताना ती पडद्यावर लगेच उमटली आणि संगणकाला ती नंतर कळली, तरी कोणाचे नुकसान होत नाही. व्हॉट्सॲपवर संदेश धाडला, की निघाल्याची एक खूण आणि समोरच्याच्या फोनवर पोचल्याची दुसरी खूण अशा दोन पायऱ्या दिसतात. आपल्या घरातील आजीबाईंनाही तो फरक आता कळतो. निरोपासाठी जर इतका नेमकेपणा पाळता येतो, तर पैशासाठी तो पाळलाच पाहिजे.

आपल्या भागातील शेतकऱ्यांना हाच धडा दुसऱ्या एका ॲपने दिला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद आपणच करावयाची, अशी ती योजना. सोयाबीन किंवा तूर हमीभावाने विकावयाची असेल, तर ही नोंद उपयोगी पडते. शेतात नेटवर्क नसते. म्हणून फोनमध्ये भरलेली माहिती आणि शासनाकडे पोचलेली माहिती, या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. शेतात बटण दाबून निश्चिंत झालेल्या माणसाने घरी येऊन ती नोंद प्रत्यक्ष पोचली का, हे पाहिले नाही, तर पेरलेले पीक सातबाऱ्यावर दिसत नाही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत नोंद केल्यापासून ४८ तासांत ती दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. बोट चुकू शकते, हे मान्य करणारी ही सोय आहे. उधारीच्या ॲपमध्येही ती हवी. मात्र चुकलेली नोंद पुसून न टाकता, आपण वहीत जशी उलट नोंद करतो, तशी करावी. म्हणजे काय चुकले आणि केव्हा सुधारले, हे पुढेही दिसते.

दुकानात पाळावयाच्या गोष्टी

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयचा प्रारंभ झाला, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला भीम ॲप आले. त्यानंतर आपल्या पेढ्यांचा व्यवहार किती बदलला, हे सांगावयास नको. वरील विवेचनावरून निघणाऱ्या काही गोष्टी व्यापारी घरांनी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट : गिऱ्हाइकाच्या पडद्यावरची हिरवी खूण ही त्याची पाटी आहे, आपली वही नव्हे. हुबेहूब तशीच खूण दाखविणारी बनावट ॲप बाजारात आहेत आणि त्यांनी अनेक दुकानदारांना फसविले आहे. त्यांत बटण दाबले की पडदा बदलतो, इतकेच घडते. पलीकडे कोणतीही नोंद होत नाही. बोलक्या डब्याचा आवाज किंवा आपल्या स्वतःच्या ॲपमधील नोंद, यांवरच विसंबावे. लघुसंदेशही बनावट असू शकतो. तो कोणाकडून आला, हे पाहावे. दिवसाअखेर रोजमेळ घालताना बँकेच्या उताऱ्याशी ताळा घ्यावा.

दुसरी गोष्ट : पडद्यावर वर्तुळ फिरत असेल, तर गिऱ्हाइकास पुन्हा पाठविण्याचा आग्रह करू नये. आधी त्याच्या ॲपमधील व्यवहारांची यादी उघडून पाहावी. व्यवहार प्रलंबित असेल, तर ओळखीच्या माणसाचे नाव आणि रक्कम लिहून ठेवावी व त्यास जाऊ द्यावे. पैसे अडकले, तर काय होते, याचा नियम रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने घालून दिला आहे. एका व्यक्तीने दुसरीस पाठविलेली रक्कम खात्यातून वजा होऊन समोर जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी. दुकानदाराला द्यावयाच्या रकमेची निश्चिती त्याच्याकडे पोचली नाही, तर पाच दिवसांत परत यावी. त्याहून उशीर झाल्यास ग्राहकाला प्रतिदिन १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम गिऱ्हाइकास समजावून सांगितला, की त्याची धास्ती कमी होते.

तिसरी गोष्ट : एकच रक्कम थोड्या अंतराने दोनदा जमा झाली, तर ती लगेच वहीत वेगळी दाखवावी आणि माणूस शोधावा. यंत्राच्या चुकीने आलेला पैसा हा आपला नफा नव्हे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत : खोटा लेख करणे आणि दुसऱ्याची ठेव दडपणे. चुकून आलेली रक्कम गुपचूप ठेवून घेणे दुसऱ्यात मोडते. आणि काम झालेले नसता ‘झाले’ अशी खूण पडद्यावर उमटविणारा प्रोग्रॅमर पहिल्याच्या फार जवळ जातो, असे मला वाटते. कागद गेला आणि काच आली, म्हणून लेखाची जबाबदारी गेलेली नाही. आपल्या घरातून या क्षेत्रात जाणाऱ्या मुलामुलींना हे आवर्जून सांगावे.

भाऊबिजेच्या दिवशी

मी निघालो, त्या दिवशी पुतण्याचे ॲप बऱ्यापैकी उभे राहिले होते. दुकानातील फोन आणि वहिनींचा फोन, या दोहोंत एकच खाते दिसावे, अशी त्याची योजना होती. दादांनी ते हाती घेतले आणि त्यांच्या रीतीने परीक्षा सुरू केली. रक्कम न लिहिता बटण दाबले. ‘रक्कम लिहा’ असे शब्द आले. फोन आडवा केला. बाकी जागच्या जागी राहिली. बटण घाईघाईने चार वेळा दाबले. नोंद एकच झाली. मग त्यांनी फोनचे नेटवर्क पूर्ण बंद करावयास सांगितले आणि ‘जमा’ दाबले.

बाकीच्या आकड्याखाली एक लहान ओळ उमटली : ‘या फोनमध्ये लिहिले आहे. दुसरीकडे अजून पोचलेले नाही.’

दादांनी ती ओळ चष्मा सावरून दोनदा वाचली. “बाबांच्या वेळचे मुनीम असेच सांगत,” ते म्हणाले. “कीर्दीत घेतले आहे, खतावणी व्हायची आहे.” मग त्यांनी फोन पुतण्याच्या हाती दिला आणि लाल वही पुढे ओढून दिवसाचा मेळ घालावयास बसले. एक महिना वही आणि ॲप दोन्ही बरोबर चालवावयाचे आणि रोज रात्री ताळा घ्यावयाचा, असे त्यांचे ठरले आहे.